बर्टीचे लाडू

बर्टी आठवडाभर राहायला येणार हे कळल्यापासून मायराचा पाय घरात ठरत नव्हता. बर्टी म्हणजे शेजारच्या जीनचा लॅब्रॅडॉर. जीन ही एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका. ग्लासगोला तिच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि कुत्र्याला कुठे ठेवायचं असा प्रश्न आला. मायराचे आईबाबा, आसावरी आणि शार्दूल, लंडनच्या पिनर भागात राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा बॉयलर बंद पडला होता, तेव्हा जीनने घरातले दोन्ही हीटर त्यांना आणून दिले होते आणि स्वतः स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती. तिला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आसावरीने लगेच हो म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं की तोच दिवाळीचा आठवडा होता.

जीनने बर्टीचं अंथरूण, त्याचा वाडगा आणि त्याच्या कोरड्या खाण्याची पिशवी आणून दिली. जाता जाता दारात उभं राहून तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली. त्याला आपल्या ताटातलं काहीही द्यायचं नाही. कांदा, लसूण, चॉकलेट तर नाहीच, पण बेदाणे आणि मनुका अजिबात नाहीत. गेल्या ख्रिसमसला त्याने बेदाणे भरलेले मिन्स पाय खाल्ले आणि त्याच्या किडन्यांवर आलं. हे सांगताना जीनचा आवाज बारीक झाला. बर्टी मात्र तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर दोन पाय ठेवून उभा होता.

ओट्यावर फराळ होता. आसावरीचं ऑफिस क्रॉयडनला, घरी यायला सात वाजायचे, तरी तिने चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू घरीच केले होते. लाडवांच्या डोक्यावर एकेक बेदाणा दाबून बसवला होता. त्यात एकच गडबड झाली होती. लाडू तिने मागच्या थंड युटिलिटी रूममध्ये ठेवले आणि ऑक्टोबरच्या गारठ्यात तूप असं थिजलं की लाडवावर दात ठेवला तर दाताचीच काळजी वाटावी. शार्दूलने एक लाडू ओट्यावर टकटक वाजवून दाखवला होता आणि त्याबद्दल दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

मायराचं म्हणणं वेगळंच होतं. "आई, सगळ्यांना दिवाळी आहे आणि बर्टीला नाही, हे फेअर नाहीये," ती म्हणाली. "तो पण आपला फॅमिली आहे ना, ह्या वीकला?"

हा मुद्दा आसावरीला पटला. तिने जीनला मेसेज करून विचारलं, मग रताळी उकडली, गाजर किसून वाफवलं, ओट्स भाजले आणि थोडं पीनट बटर घातलं. त्या पीनट बटरमध्ये साखरेऐवजी घालतात ते कुत्र्यांना विषारी असलेलं गोड काही नाही ना, हे तिने बरणी उजेडात धरून वाचलं. मीठ नाही, साखर नाही, तूप नाही. त्याचे लाडू वळले तर ते इतके सुबक झाले की तिला स्वतःलाच वाईट वाटलं. बेसनाचे लाडू इतके गोल कधी झाले नव्हते. रंगही जवळपास तोच. शुक्रवारी रात्री दोन्ही प्रकारचे लाडू आइस्क्रीमच्या दोन सारख्या रिकाम्या डब्यांत भरले, आणि शनिवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मायराने एका झाकणावर स्टिकर लावून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बर्टीची लाडू'. आसावरीने ते दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज एक लाडू बर्टीला द्यायचं काम मायराने मागून घेतलं.

घरात चौथं माणूस होतं ते म्हणजे नाना, शार्दूलचे वडील. नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले होते. नानांना शुगर होती आणि गोडाची आवडही होती, आणि दोन्ही गोष्टी वयाबरोबर वाढल्या होत्या. आसावरीने त्यांना दिवाळीच्या दिवशी अर्धा लाडू मंजूर केला होता. नानांनी कुरकुर न करता ते मान्य केलं. इतक्या सहज मान्य केलं म्हणून खरं तर तिथेच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

शनिवारी दुपारी मीनल आणि विष्णू फराळाला आले. मीनल ही आसावरीची कॉलेजपासूनची मैत्रीण. अलीकडे ती खाण्याच्या बाबतीत फार जागरूक झाली होती. कोणाच्याही घरी गेली की आधी तेल कुठलं वापरलं ते विचारायची, मग चिवडा चमच्याने बाजूला सारायची. तिच्यापुढे दगडासारखे लाडू ठेवायचे ही कल्पनाच आसावरीला सहन होत नव्हती. तिने स्टिकर नसलेला डबा उघडला. लाडवांवरचे बेदाणे दिसत नव्हते. पडले असतील, असं म्हणून तिने घाईघाईत लाडू ताटलीत रचले आणि ताटली बाहेर पाठवली.

मीनलने एक लाडू उचलला, बोटांनी दाबून पाहिला आणि कोपरा मोडला. आसावरी चहाचा ट्रे धरून दारातच थांबली.

"आसावरी, हे काय आहे?" मीनल म्हणाली.

"लाडू," आसावरी म्हणाली.

"अगं, काय सुंदर झालेत. तुपकट नाहीत, गोडमिट्ट नाहीत. इतका लाइट लाडू मी आयुष्यात खाल्ला नाही."

विष्णूने तोंड भरलेलं असल्यामुळे नुसती मान डोलावली आणि दुसरा घेतला. एरवी तो मीनलच्या परवानगीशिवाय दुसरा काही घेत नसे. शार्दूलला चिवडा पुरला. आसावरी आनंदाने इतकी फुलली होती की तिने स्वतः लाडू चाखलाच नाही. नाना खिडकीशी बसून अर्धा लाडू सावकाश चघळत होते. चेहरा मात्र औषध घेतल्यासारखा होता. निघताना मीनलने उरलेल्यातले चारसहा लाडू हक्काने मागून घेतले.

पाहुणे गेले, बाहेर अंधारून आलं, लांब कुठेतरी पहिले फटाके वाजले. आसावरीने ताटलीतला शेवटचा लाडू उचलला, सोफ्यावर बसली आणि खाल्ला. खाता खाता तिचं तोंड हलायचं थांबलं. तिने लाडवाची मोडलेली कड दिव्याखाली धरली. त्यात गाजर होतं.

"शार्दूल," ती हळूच म्हणाली, "आपण मीनलला कुत्र्याचे लाडू घातले."

शार्दूल इतका हसला की त्याला जमिनीवर बसावं लागलं. विष्णूने तीन खाल्ले, हे त्याने हसता हसता दोनदा सांगितलं. आसावरीही रडावं की हसावं अशा बेतात होती, तोच तिच्या डोक्यात दुसरा विचार शिरला आणि ती उठून स्वयंपाकघराकडे पळाली. पाहुण्यांच्या डब्यात बर्टीचे लाडू होते, तर मग बर्टीच्या डब्यात काय होतं?

स्टिकर लावलेल्या झाकणाखाली बेसनाचे लाडू होते. म्हणजे, होते म्हणण्यापुरते होते. गच्च भरलेल्या डब्याच्या तळाशी चारपाचच उरले होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बेदाणा होता.

"मायरा," आसावरीने हाक मारली, "आज बर्टीला लाडू दिलास?"

"हो ना. लंचच्या नंतर. त्याला खूप आवडली. त्यानी चावला पण नाही, असाच गट् केला," मायरा अभिमानाने म्हणाली. मग आईचा चेहरा पाहून तिचा स्वर बदलला. "मी एकच दिला. प्रॉमिस."

मग बाकीचे कुठे गेले, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. डबा खालच्या फळीवर होता, झाकण सैल होतं आणि बर्टी त्याच फळीसमोर झोपून शेपटी आपटत होता. उत्तर समोर दिसत होतं.

शार्दूलचं हसू केव्हाच गेलं होतं. त्याने प्राण्यांच्या इमर्जन्सी दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की लक्षणं दिसायची वाट पाहू नका, घरी मीठ वगैरे पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, लगेच घेऊन या, आणि कुत्र्याचं वजन किती ते सांगा. वजन कोणालाच माहीत नव्हतं. शार्दूलने बर्टीला मिठी मारून उचललं आणि बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिला. बर्टीला तो खेळ वाटला, त्याने शार्दूलचा कान चाटला. आसावरीने आकडा वाचला आणि आता त्यातून शार्दूलचं वजन वजा करायचं म्हणून त्याला विचारलं. शार्दूलने सांगितलेला आकडा लग्नाच्या वेळचा होता.

"खरं सांग," आसावरी म्हणाली. "त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

शार्दूलने बर्टीच्या मानेत तोंड लपवून खरा आकडा सांगितला. फोनवरच्या बाईने तो ऐकला, कारण फोन स्पीकरवर होता.

गाडीत मायरा आणि बर्टी मागे बसले. नानांना घरी थांबायला सांगितलं होतं, पण ते कोट चढवून आधीच गाडीत जाऊन बसले होते. बर्टीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. नाना आणि गप्प, हे घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. आसावरीला वाटलं, चार दिवसांतच किती जीव लावला यांनी मुक्या जनावराला. त्याच वेळी जीनला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती. आकाशात लाल-हिरवी फुलं फुटत होती आणि प्रत्येक बाराला बर्टी नानांच्या कोटात आणखी आत घुसत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण, तरतरीत आणि ग्लासगोच्या होत्या. त्यांचं इंग्रजी इतकं भरभर आणि इतकं वळणावळणाचं होतं की आसावरीला निम्मंच कळत होतं. मायराला सगळं कळत होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती बेदाणे पोटात गेले असतील? आसावरीने लाडू मोजूनच वळले होते; डब्यातले किती संपले तो आकडा तिने सांगितला. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. एक बेदाणासुद्धा एखाद्या कुत्र्याला बाधू शकतो, दुसऱ्याला दहा खाऊन काही होत नाही, त्यामुळे सुरक्षित असा आकडाच नाही, आणि इथे तर ओंजळभर गेलेले दिसतात, असं त्या म्हणाल्या. आधी उलटीचं इंजेक्शन, मग सलाइन लावून दोन दिवस इथेच ठेवावं लागेल.

"ती काय म्हणून राहिली?" नानांनी मायराला विचारलं.

"आजोबा, ती म्हणते, बर्टीला आता इंजेक्शन. मग त्याला खूप उलटी होणार. मग हातात सुई लावून दोन दिवस तिकडेच. एकटा."

नाना उभे राहिले. त्यांनी बर्टीकडे पाहिलं. बर्टी काचेच्या दाराकडे तोंड करून थरथरत होता, शेपटी पोटाशी गेली होती.

"आसावरी," नाना म्हणाले, "त्याला सोडून द्या म्हणावं. लाडू मी खाल्ले."

डॉक्टर सगळ्यांकडे आळीपाळीने पाहू लागल्या.

"कोणते लाडू, नाना?" शार्दूलने विचारलं.

"बेसनाचे. मी काही चोरले नाही. नुसती झाकणं बदलली. कुत्र्याच्या डब्यातले लाडू कोणी मोजणार नाही असं वाटलं मला. आणि त्याचे लाडू पाहुण्यांनी खाल्ले तर काय बिघडणार होतं? रताळं अन् ओट्स. पौष्टिक. मीही अर्धा खाल्लाच की सगळ्यांसमोर." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पोरगी त्याच डब्यातून त्याला देईल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. आईशप्पथ नाही आलं."

"पण ते दगडासारखे होते," शार्दूल म्हणाला. एवढ्या गंभीर प्रसंगी हेच का विचारलं, असं म्हणून आसावरी नंतर त्याच्यावर चिडली.

"चहात बुडवले," नाना म्हणाले.

डॉक्टरांना मायराने सगळं इंग्रजीत समजावलं. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा खरं बोलताहेत याची खात्री काय? कुत्र्याची दया येऊन माणसं काहीही सांगतात, हा त्यांचा अनुभव होता. नानांना प्रश्न कळला तसा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि टिश्यू पेपरची एक पुरचुंडी काढून टेबलावर उघडली. आत तुपाने चिकटलेले बेदाणे होते. नानांना बेदाणा लहानपणापासून आवडत नव्हता. प्रत्येक लाडवावरचा बेदाणा त्यांनी काढला होता, आणि स्वयंपाकघरातल्या बिनमध्ये टाकला तर सापडेल म्हणून खिशात ठेवला होता.

डॉक्टरांनी चिमट्याने बेदाणे एकेक बाजूला केले आणि आसावरीने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. एकाचा हिशोब लागत नव्हता. तो मायराने दिलेल्या लाडवावरचा.

म्हणजे धोका ओंजळीवरून एकावर आला होता, पण गेला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या की एक असला तरी काढलेला बरा. इंजेक्शन झालं. मायराने डोळे मिटून आईचा हात घट्ट धरला. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने आतून बर्टीचा एक ओंगळ आवाज आला, आणि मग डॉक्टर हसत हसत एक स्टीलचं भांडं घेऊन बाहेर आल्या. भांड्यात बेसनाचा लाडू होता. अख्खा. गोल. कुठे तडा नाही, आणि डोक्यावर बेदाणा जसाच्या तसा.

डॉक्टर काहीतरी म्हणाल्या आणि मायरा फसकन हसली.

"आई, ती म्हणते, तुझा लाडू खूप वेल मेड आहे. जर सॉफ्ट असता ना, तर बेदाणा आत गेला असता. हार्ड होता म्हणून बर्टी वाचला."

आसावरीने भांड्यातला लाडू वाकून पाहिला. लाडवांबद्दल तिला इतकं मनापासून आणि इतक्या अधिकाराने कोणीच कधी चांगलं बोललं नव्हतं. शार्दूलने ओट्यावर लाडू वाजवल्याबद्दल तिथल्या तिथे माफी मागितली.

रक्त तपासून झालं, दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. आज रात्री हलकं खाणं, भरपूर पाणी, सावकाश चालवणं. बर्टी शेपटी हलवत निघाला. तेव्हा डॉक्टरांनी मायराला थांबवून काहीतरी विचारलं आणि मायरा नानांकडे बघू लागली.

"ती विचारते, कुत्रा ओके आहे, पण आजोबांची शुगर कोणी चेक केली का?"

कोणीच केली नव्हती. एवढ्या धावपळीत डबाभर लाडू खरोखर ज्याच्या पोटात होते त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. घरी पोहोचताच शार्दूलने नानांच्या बोटाला सुई टोचली, आणि मशीनवरचा आकडा पाहून लगेच आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या नर्सने बरेच प्रश्न विचारले आणि मग सांगितलं की रोजची गोळी वेळेवर घ्या, आज हलकं खाणं, भरपूर पाणी, सावकाश चाला, तासाभराने पुन्हा तपासा, आणि उतरली नाही तर फोन करा. शार्दूलने एका हातात बर्टीचा पट्टा धरला, दुसरा हात नानांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघांना घेऊन गल्लीत फेऱ्या मारत राहिला. तासाभराने नानांचा आकडा खाली आला होता. बर्टी तर परतताना वाटेतल्या मांजरावर भुंकलासुद्धा.

आसावरीने जीनला फोन केला. काही न लपवता सगळं सांगितलं. मग जीन म्हणाली की गेल्या ख्रिसमसला मिन्स पाय खाल्ल्याचं तिला रात्रीच कळलं होतं, पण सणाच्या दिवशी कोणाला त्रास द्यायचा, सकाळपर्यंत बघू, असं म्हणून ती थांबली होती. म्हणूनच तो इतका आजारी पडला. "तुम्ही थांबला नाहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा बारीक झाला.

रविवारी सकाळी मीनलचा फोन आला. आसावरीने तो दोनदा वाजू दिला आणि तिसऱ्यांदा उचलला. मीनल उत्साहाने म्हणाली की तिला त्या लाडवांची कृती हवी आहे. नेलेले सगळे लाडू विष्णूने सकाळी चहाबरोबर संपवले, आणि पुढच्या रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते ठेवायचा तिचा विचार आहे.

आसावरीने डोळे मिटून घेतले. "मीनल, ते मी कुत्र्यासाठी केले होते," ती म्हणाली, आणि झाकणांची गोष्ट सांगून टाकली.

"म्हणजे साखर अजिबात नाही?" मीनलने विचारलं.

"नाही."

"तूप?"

"थेंबभर नाही."

"विष्णूला बोलू नकोस," मीनल म्हणाली. "कृती पाठव. आणि तुमच्या त्या कुत्र्याला आवडले का?"

तेव्हा कुठे आसावरीच्या लक्षात आलं की ज्याच्यासाठी ते लाडू वळले त्याला त्यातला एकही मिळाला नव्हता. निम्मे ताटलीत संपले होते आणि निम्मे मीनलने नेले होते.

तिने पुन्हा रताळी उकडली. दुपारी बर्टीच्या वाडग्यात एक लाडू ठेवला. डॉक्टरांनी आणि नर्सने सारखंच पथ्य सांगितलं होतं, म्हणून दुसरा एका बशीत घालून नानांपुढे ठेवला. नानांनी बशीकडे पाहिलं, आसावरीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने तो तोडून तोंडात टाकला. बर्टीने आपला लाडू हुंगला, नाकाने वाडग्यात फिरवला, एकदा चाटला. मग तो तिथेच सोडून नानांच्या पायाशी येऊन बसला आणि त्यांच्या कोटाच्या खिशाकडे आशेने बघू लागला.

"माझ्याकडे पाहू नको, बाप्पा," नाना घास गिळत म्हणाले. "मीपण तेच खाऊन राहिलो."